चेक लिहून होईपर्यंत

पायांत मऊ तळव्याचे बूट घाला. पुढचे आठ तास तुम्हाला उभं राहायचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सुपरमार्केटांत कॅशियरला बसायला खुर्ची देत नाहीत. साल 1995, डिसेंबरातला एक गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. ओहायो राज्यातल्या डेटन शहराच्या कडेचं एक मोठं किराणा दुकान. बाहेर बर्फाचा चिखल झालाय आणि आत येणारा प्रत्येक जण तो बुटांवरून घेऊन येतोय. तुमच्या छातीवर बिल्ला आहे. त्यावर फक्त पहिलं नाव, त्यामुळे रांगेतलं कोणीही तुम्हाला नावाने हाक मारू शकतं. त्यांची नावं तुम्हाला कळतात ती चेकवर वाचूनच.

गुरुवार मी मुद्दाम निवडला. डेटन हे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं शहर, आणि उद्या शुक्रवार, अनेकांच्या पगाराचा दिवस. आज खात्यात पैसे नाहीत, उद्या येतील. आज लिहिलेला चेक बँकेत पोचून वटायला एक-दोन दिवस जातात, हे इथे घरोघरी ठाऊक आहे. त्या एक-दोन दिवसांच्या भरवशावर गुरुवारच्या ट्रॉल्या भरतात.

पहिल्या बाई साठीच्या पुढच्या. तुम्ही एकेक वस्तू स्कॅनरच्या काचेवरून सरकवता: दूध, मक्याचे डबे, बटाटे, मांजराचं खाणं. सगळं पिशव्यांत भरून होतं. बेरीज होते, 84 डॉलर 17 सेंट. बाई आकडा ऐकतात आणि मग पर्स उघडतात. त्याआधी नाही.

चेकबुक पर्सच्या तळाशी आहे. पेन नाही. तुम्ही तुमचं पेन देता. "आज तारीख किती, हनी?" तुम्ही सांगता. "कुणाच्या नावाने लिहू?" दुकानाचं नाव दारावर आहे, पिशवीवर आहे, तुमच्या ॲप्रनवर आहे, तुम्ही तेही सांगता. "वीस डॉलर जास्तीचे लिहिले तर चालतील ना? थोडे रोख हवेत." चालतील. रक्कम आधी आकड्यांत, मग अक्षरांत. सही. आता चेक हातात येईल असं वाटतं, पण त्याआधी चेकबुकातल्या नोंदीच्या पानावर रक्कम लिहायची असते, मागच्या शिलकेतून वजा करायची असते, वजाबाकी पुन्हा तपासायची असते. मागे सहा ट्रॉल्या उभ्या आहेत. सहाव्या ट्रॉलीमागचा माणूस बाईंकडे बघत नाही. तो तुमच्याकडे बघतो.

तुमच्या मानेत जी कळ चढते आहे तिचं कारण नीट पाहा. चेक हे तुमचं दुखणं नाही. दुकानाचं नाव, तारीख आणि सही, या तिन्ही गोष्टींचा बिलाच्या रकमेशी काही संबंध नाही. तुम्ही माल स्कॅन करत होता तेवढ्या वेळात त्या सहज लिहून झाल्या असत्या, फक्त रकमेची जागा मोकळी राहिली असती. तो सगळा वेळ बाई पडद्यावर चढणाऱ्या आकड्याकडे टक लावून होत्या. पण त्यांचंही कारण आहे. खात्यात मोजकेच पैसे असतील, तर आकडा कुठे थांबतो याकडे डोळा ठेवावाच लागतो. तुम्हाला ते कळतं, म्हणून राग बाईंवर निघत नाही, आणि मग तो कुठेच निघत नाही.

त्यात तुमच्यावर घड्याळ लागलेलं आहे. कॅशियर मिनिटाला किती वस्तू स्कॅन करतो याचा हिशोब अनेक साखळी दुकानांत ठेवतात, आणि काही ठिकाणी ती यादी कर्मचाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर चिकटवतात. माल झटपट सरकवणं तुमच्या हातात आहे. पैसे देणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे. रांग किती लांबली याचा जाब मात्र एकट्या तुम्हालाच विचारतात.

पुढचा विशीतला मुलगा. त्याने चेक आधीच लिहून आणलाय, तुम्हाला त्याचे आभार मानावेसे वाटतात. मग तुमची नजर वरच्या कोपऱ्यातल्या क्रमांकावर जाते: 104. चेकबुकं बहुधा 101 पासून सुरू होतात, म्हणजे खातं नवं, आणि परत येणाऱ्या चेकांत नव्या खात्यांचा भरणा जास्त असतो असा दुकानाचा अनुभव. इतक्या लहान क्रमांकाच्या चेकवर मॅनेजरची मंजुरी लागते. तुम्ही बटण दाबता, तुमच्या गल्ल्यावरचा दिवा लुकलुकायला लागतो आणि सगळी रांग त्या मुलाकडे वळून बघते. मॅनेजर दुसऱ्या टोकाला, दुधाच्या कपाटांपाशी आहे. "मी काय चोर आहे का?" मुलगा विचारतो. तुम्ही म्हणता, "नियम आहे." त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स मागता, त्यावरचा क्रमांक चेकवर उतरवता, फोन नंबर विचारता, खाली तुमची आद्याक्षरं टाकता. उद्या हा चेक परत आला तर त्या आद्याक्षरांवरून तुम्हालाच बोलावतील.

आपल्याकडे त्या काळात चेक म्हणजे बँकेच्या काउंटरवरचा, पगाराचा, फार तर विम्याच्या हप्त्याचा. वाण्याकडे एक तर रोख, नाही तर वहीवर नाव. अमेरिकेत पाव-अंड्यांसाठी चेक फाडत. हजारो लहानमोठ्या बँका, आणि कुठल्याही बँकेचा चेक पूर्ण किमतीला वटवून देणारी फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेची व्यवस्था. त्यामुळे चेक हा सगळीकडे चालणारा कागद झाला. तुम्ही उभे आहात ते साल या सवयीच्या शिखराच्या आसपासचं आहे. 1990च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत वर्षाला जवळपास 50 अब्ज चेक लिहिले जात. त्यातला जो वाटा किराणा दुकानांत यायचा, तो तुमच्यासारख्यांच्या हातांतून जायचा, उभ्याउभ्या, एकेक करून.

पाळी संपते. ड्रॉवर काढून तुम्ही मागच्या खोलीत नेता आणि मोजता. नोटा, नाणी, चेक, कुपनं. पाच डॉलर कमी भरतात. पुन्हा मोजता. तरी कमीच.

तसेच मागे चला, याच शहरात, 1879 मध्ये. जेम्स रिटी नावाचा एक गुत्तेदार आपल्या दारूच्या दुकानातल्या नोकरांवर चिडलेला आहे, कारण गल्ल्यातले पैसे त्यांच्या खिशात जातात असा त्याचा संशय आहे. युरोपला जाताना त्याने जहाजावर पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं होतं. तेच डोक्यात धरून त्याने विक्री मोजणारं यंत्र बनवलं आणि नाव ठेवलं 'रिटीचा भ्रष्ट न होणारा कॅशियर'. तुम्ही त्या दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून पाहा. यंत्राची तबकडी तुमच्याकडे नाही, समोर सगळ्यांना दिसेल अशी आहे. पुढे या यंत्राला घंटा आली, ड्रॉवर उघडला की मालकाला ऐकू जावं म्हणून. जॉन पॅटरसनने 1884 मध्ये हा धंदा विकत घेतला, त्याचीच नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी झाली, आणि ती सव्वाशे वर्षं डेटनमध्येच राहिली.

हे बघायला मी तुम्हाला आणलं, कारण गल्ल्याचं यंत्र जन्मालाच आलं ते कॅशियरवरच्या अविश्वासातून. माझ्या मते पुढची सगळी कटकट इथे सुरू होते. आधी मालकाचा कॅशियरवर संशय. मग चेक आला, आणि गिऱ्हाइकावर संशय घेण्याचं कामही त्याच कॅशियरच्या गळ्यात पडलं. दोन्ही बाजूंचा संशय सांभाळणारा माणूस एकच, आणि बहुतेक वेळा दुकानात सगळ्यांत कमी पगारावर असलेल्यांपैकी.

जाता जाता 26 जून 1974ची सकाळ पाहून घ्या. डेटनच्या उत्तरेला ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या मार्श सुपरमार्केटमध्ये आठ वाजून गेलेत. शॅरन ब्यूकॅनन नावाची कॅशियर चुइंगगमचं एक पाकीट काचेवरून सरकवते, आणि आजच्या पद्धतीचा बारकोड वाचून झालेली ही पहिली विक्री ठरते. किंमत 67 सेंट. गल्ल्याचं यंत्र अर्थात डेटनच्या त्याच कंपनीचं. त्या दिवसापासून माल मोजण्याचं काम वेगवान होत गेलं. पैसे देण्याचं काम तिथेच राहिलं. म्हणूनच 1995 मध्ये तुमच्या रांगेत सगळा खोळंबा शेवटच्या दोन मिनिटांत साचतो.

आता 2003. थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस, बुधवार. दुकान तेच, तुमचे गुडघे आठ वर्षांनी म्हातारे. काउंटरवर गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक छोटं यंत्र बसवलंय, त्याला वायरने बांधलेलं पेन. चेक अजून येतात, पण आता प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या हातात कार्ड आहे, आणि तुमच्या तोंडात दिवसभर एकच प्रश्न: "डेबिट की क्रेडिट?"

"कार्ड डेबिट आहे," समोरचे गृहस्थ म्हणतात, "पण क्रेडिट म्हणून घ्या."

पैसे एकाच खात्यातून जाणार. फरक एवढाच, की 'डेबिट' म्हटलं तर चार आकडी पिन दाबायचा, 'क्रेडिट' म्हटलं तर सही करायची. पिनचा व्यवहार एका जाळ्यातून जातो, सहीचा व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यातून. सहीच्या व्यवहारावर दुकानाला जास्त शुल्क भरावं लागतं आणि त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. म्हणून काही बँका गिऱ्हाइकाला सही करायला पॉइंट देतात, आणि काही तर पिन वापरल्याबद्दल खात्यातून पैसे कापतात. दुकानाला अर्थातच पिन हवा. म्हणून दुकानाने यंत्र असं लावून ठेवलंय की कार्ड ओढलं की ते थेट पिन मागतं. सही करायची असेल तर आधी 'कॅन्सल' दाबावं लागतं.

"कॅन्सल दाबा," तुम्ही सांगता.

"पण मला रद्द नाही करायचं!"

"रद्द होत नाही. कॅन्सल दाबलं की क्रेडिट होतं."

"मग तिथे तसं लिहिलेलं का नाही?"

या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. ते मुद्दाम लिहिलेलं नाही, हे तुम्ही म्हणू शकत नाही. वॉलमार्टसह मोठ्या दुकानदारांनी याच शुल्कावरून 1996 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डवर खटला भरला होता, आणि याच वर्षी, 2003 मध्ये, सुमारे 3 अब्ज डॉलरवर तडजोड झाली. एवढं मोठं भांडण. तुमच्या वाट्याला ते येतं एका बटणाच्या रूपाने, आणि ते बटण तुम्ही दिवसभर समजावून सांगत राहता.

मागच्या बाई फोनवर बोलतायत. बेरीज व्हायच्या आत त्यांनी कार्ड ओढलं, उलट्या बाजूने. पुन्हा ओढलं. पट्टी झिजलेली. तुम्ही कार्ड हातात घेता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळता आणि पिशवीसकट ओढता. ही युक्ती देशभरातल्या कॅशियरांना माहीत आहे आणि बऱ्याचदा लागू पडते. आज पडत नाही. सोळा आकडे हाताने दाबायचे. बाईंचं बोलणं चालूच. कार्डामागे सहीच्या जागी त्यांनी 'ओळखपत्र बघा' असं लिहून ठेवलंय. कार्ड कंपन्यांच्या नियमाप्रमाणे तिथे सही हवी, हे शब्द म्हणजे सही नव्हे. तुम्ही ओळखपत्र मागता, त्या फोन कानावरून न काढता डोळे वटारतात. काल तुम्ही मागितलं नव्हतं तेव्हा एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती, की कोणीही माझं कार्ड वापरून गेला असता.

चेकवाल्यांचंही नवं सुरू झालंय. दुकानाने चेक वाचणारं यंत्र आणलंय. तळाच्या चुंबकीय शाईतले आकडे वाचून ते चेकचं रूपांतर थेट खात्यातून पैसे वळते करण्यात करतं. मग तुम्ही तोच चेक शिक्का मारून गिऱ्हाइकाला परत देता. "परत का देतेयस? माझा चेक चालत नाही का?" ज्याने दोन मिनिटं घालवून तो लिहिला, त्याला हे पटवणं कठीण. आणि गुरुवारचा भरवसाही आता राहिलेला नाही. सप्टेंबर 2001 मध्ये दहशतवादी हल्ल्यानंतर विमानं जमिनीवर थांबली तेव्हा पोत्यांत भरलेले चेकही थांबले, आणि फेडरल रिझर्व्हच्या हिशोबात अधांतरी अडकलेली रक्कम 47 अब्ज डॉलरच्या वर गेली. चेक विमानाने वाहणं किती नाजूक आहे हे सगळ्यांना दिसलं. गेल्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नव्या कायद्यावर सही केलीय. 28 ऑक्टोबर 2004 पासून मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून छापलेली प्रत चालेल, म्हणजे चेक लवकर वटेल. पगाराच्या आदल्या दिवशी चेक लिहिणारे हळूहळू तोंडघशी पडणार, आणि जाब विचारायला तुमच्याकडेच येणार.

पुढे एक तरुण आई, ट्रॉलीत बसवलेलं मूल. कार्ड नाकारलं जातं. तुमच्या पडद्यावर एवढाच शब्द येतो, कारण येत नाही. कदाचित सकाळी तिने पेट्रोल भरलं असेल. पंपावर कार्ड ओढलं की बँका कधी कधी प्रत्यक्ष बिलापेक्षा मोठी रक्कम अडकवून ठेवतात. तुम्ही आवाज खाली आणता. "दुसरं कार्ड आहे का?" नाही. ती वस्तू कमी करायला सांगते. तुम्ही एकेक काढता, आकडा उतरतो. डायपर राहतात, दूध राहतं. 'पम्पकिन पाय' काढायला सांगते, मग कॉफी. मागून कोणीतरी सुस्कारा टाकतं. या क्षणी तुम्हाला जे वाटतं, तेच मला या सगळ्या प्रवासात सांगायचं होतं. नाकारण्याचा निर्णय कुठल्या तरी दूरच्या संगणकाने घेतला. तो चारचौघांत सांगायचं काम मात्र तुमच्या तोंडाला दिलंय.

2015मध्ये फार वेळ थांबायला नको. 2013 अखेर टार्गेट या साखळीच्या यंत्रणेतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. 1 ऑक्टोबर 2015 पासून नियम बदलला: बनावट कार्डाचा तोटा, चिपची सोय ज्याने केली नाही त्याच्या माथी. आता कार्ड ओढायचं नाही, खुपसून ठेवायचं. "अजून काढू नका... नाही, आता काढा." काही दुकानांत यंत्र आलंय पण चालू झालेलं नाही, फटीवर चिकटपट्टी आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. इथे एखादी पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी कार्ड देते आणि पिन विचारला नाही म्हणून गोंधळते. आपल्याकडे भारतात रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2013 पासून दुकानातल्या डेबिट कार्डाला पिन सक्तीचा केलेला. आणि चिपचं म्हणाल, तर याच डेटनमध्ये 1992 साली गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी फूड स्टॅम्पसाठी चिपच्या कार्डाचा प्रयोग सुरू झाला होता. ज्यांच्यावर सरकारचा सर्वांत कमी विश्वास, त्यांच्या हातात सुरक्षित कार्ड आधी आलं. बाकीच्यांना तेवीस वर्षं लागली. याची मला खरोखर चीड येते.

एवढ्यावर परत या. 2021 मध्ये अमेरिकेत लिहिलेल्या चेकांची संख्या 11 अब्जांच्या आसपास उतरली होती, आणि 15 जुलै 2024 पासून टार्गेटने दुकानांत वैयक्तिक चेक घेणं बंद केलं. उरलेले चेकही जातील. काउंटर राहील, मग तो डेटनमधला असो की तुमच्या घराखालचा, आणि त्याच्या मागे कोणीतरी आठ तास उभं असेल. तेव्हा एवढं करा: बिल होत असतानाच कार्ड किंवा मोबाइल हातात घ्या, कानावरचा फोन खाली ठेवा, आणि व्यवहार अडला तर समोरच्या माणसावर ओरडू नका. तो अडवण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार त्याला कोणीच दिलेला नाही.